सिनॅड १२०, तरी डग्गा घुमतोच : कोथरूडच्या एका हॉलचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका घराचं नाही. पुण्या-मुंबईच्या गाळ्यांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका एकाच हॉलमध्ये बसवून, मापांसकट मांडल्या आहेत. आकडे ज्याचे त्याने गणिताने तपासावेत, आणि खोलीची मापं बदलून आपल्या घराला लावावेत.

हॉल कोथरूडचा, १० फूट बाय १६ फूट. मीटरमध्ये ३.०५ बाय ४.९, उंची २.८५. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना प्लास्टर आणि रंग, डाव्या हाताला गॅलरीची सरकती काच. टीव्ही १० फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीला पाठ टेकून सोफा, मधे आईची गादी आणि लोड. ऐकायचं काय? सकाळी ख्याल आणि अभंग, दुपारी आईच्या मालिका, रात्री सिनेमा. बजेट एक लाख.

मुलाने महिनाभर मोजमापांवर आधारलेली परीक्षणं वाचून यादी केली: डॅक, म्हणजे डिजिटल आवाज विजेच्या सुरात बदलणारं खोकं, १६,००० (सिनॅड हा शुद्धतेचा आकडा १२०च्या वर), टीपीए३२५५ चिपवरचा क्लास-डी अॅम्प्लिफायर ३२ व्होल्टच्या अडॅप्टरसह २४,०००, सव्वापाच इंची वूफरचे टू-वे स्पीकर (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर) ४८,०००, आणि उरलेल्या १२,०००च्या केबल. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, नातवंडांच्या हाताला लागू नयेत म्हणून सव्वाचार फुटांवरच्या फळ्यांवर.

पहिल्याच संध्याकाळी आईचा प्रश्न: "अरे, पण आवाज कमी कुठून करायचा?" टीव्हीच्या डिजिटल आउटचा आवाज बहुतेक वेळा ठरावीकच असतो, टीव्हीच्या रिमोटने हलत नाही. डॅकला रिमोट नव्हता, अॅम्प्लिफायरला एक सुबक गोल बटण होतं, सोफ्यापासून १४ फुटांवर. हा मुद्दा कुठल्याच आलेखात येत नाही आणि घरात मात्र दिवसातून वीस वेळा येतो.

पाठोपाठ बाकीच्या तक्रारी आल्या. डग्ग्याचा एक विशिष्ट घिस्सा (मनगट घासून काढलेला घुमारा) आला की अख्खा हॉल घुमायचा, बाकीचे बोल कोरडे. सोफ्यावर गायकी स्वच्छ, पण गादीवर बसलं की आवाज पडद्याआडून आल्यासारखा. लॅपटॉप जोडला आणि सेटटॉप बॉक्स चालू असला की स्पीकरमधून बारीक घूं. आणि अॅम्प्लिफायरच्या धातूच्या खोक्यावरून बोटं फिरवली की मुंग्या.

एकही वस्तू खराब नव्हती. परीक्षणांतलं एकही माप खोटं नव्हतं.

कुठला आकडा किती वजनाचा

सिनॅड म्हणजे मूळ स्वर आणि त्यात मिसळलेला गोंगाट-विकृती यांचं गुणोत्तर. डॅक आणि अॅम्प्लिफायर याच एका आकड्यावर क्रमवार लावले जातात, आणि यादी उतरत्या क्रमाने असली की हात आपोआप वरच्या ओळीवर जातो. आता हिशेब करू. सोफ्यावर अगदी मोठ्याने, ९६ डेसिबलच्या शिखरांनी ऐकलं आणि उपकरणाचा सिनॅड १०५ असला, तर त्याची सगळी घाण उणे ९ डेसिबलवर बसते, म्हणजे माणसाला ऐकू येण्याच्या उंबऱ्याच्याही खाली. चौथ्या नंबरवर फिरणारा छताचा पंखा त्याच जागी चाळिशीच्या वर आवाज करतो. १०५चा डॅक सोडून १२०चा घेतला तर जे १५ डेसिबल मिळतात ते पंख्याच्या खूप खाली, कुणाच्याच कानाला न लागणाऱ्या तळघरात मिळतात. खुद्द सीडीची १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा ९८ डेसिबलच्या आसपास आहे.

मग मुलाला हा नवा डॅक आधीच्या डॅकपेक्षा "जास्त जिवंत" का वाटला? आरसीए आउटला जुना २ व्होल्ट देत होता, नवा २.५. हा फरक जवळपास २ डेसिबलचा. दोन वस्तूंची तुलना करायची तर पातळी ०.१–०.२ डेसिबलच्या आत जुळवावी लागते: १०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज सारखं करा. १,००० हर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचं दाखवतात. एवढं केल्यावर बहुतेक डॅकमधला जिवंतपणा मावळतो.

अॅम्प्लिफायरच्या परीक्षणात सिनॅडपेक्षा दुसराच आलेख आधी उघडावा: ४ आणि ८ ओहमच्या भारावर वारंवारतेचा प्रतिसाद. क्लास-डीच्या शेवटी कॉइल-कपॅसिटरची गाळणी असते. फीडबॅक (चूक दुरुस्त करायला परत आत आणलेला सूर) त्या गाळणीच्या आधीच घेतला असेल तर स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) बदलला की वरच्या टोकाचा सूर उठतो किंवा पडतो, तोही दशांशात नाही, चांगला डेसिबल-दोन डेसिबल. गाळणीच्या पुढून फीडबॅक घेतलेल्यांत दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. हे दहा सेकंदांत दिसतं, पण क्रमवारीच्या पट्टीत मात्र येत नाही.

आता प्रमाण पाहा. बऱ्या डॅकची चूक डेसिबलच्या शंभराव्या भागात, बऱ्या अॅम्प्लिफायरची दशांशात, चांगल्या स्पीकरची दोन-तीन डेसिबल, आणि या हॉलची, २५० हर्ट्झच्या खाली, १० ते १५ डेसिबल. पैशांत मात्र हॉलच्या वाट्याला काहीच आलं नाही.

स्पीकरचा गुण, आणि तो कुठल्या रकान्यातला

स्पीकरच्या बाबतीत परीक्षणं खरोखर कामाची असतात, पण नीट वाचावी लागतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी सुरू केलेलं काम पुढे हार्मनमध्ये वाढलं आणि त्यातून आजचा 'स्पिनोरामा' आला: स्पीकर आडवा आणि उभा दर १० अंशांना फिरवून घेतलेली ७० मापं, आणि त्यांच्या सरासरीच्या चार-पाच रेषा. २००४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या श्रवणचाचण्यांवरून, या मापांतून पसंतीचा गुण वर्तवणारं सूत्र मांडलं. सहसंबंध ०.८६ (१ म्हणजे तंतोतंत). एवढा घट्ट संबंध या धंद्यात दुर्मिळ आहे, आणि तरी त्यात इतकी जागा उरते की ५.८ आणि ६.१ यांतला फरक वाचून पाकीट उघडू नये.

या सूत्रात चार पदं आहेत आणि खालच्या सुरांच्या पोहोचीचं वजन सुमारे ३० टक्के. हे पद लॉगरिदमचं असून त्याचा गुणक ४.३१ आहे. स्पीकर ६० हर्ट्झऐवजी ३५पर्यंत पोचला की बाकी काहीही न बदलता एक गुण वाढतो. म्हणूनच याद्यांत दोन रकाने असतात: स्पीकर एकटा, आणि सोबत आदर्श सबवूफर (फक्त खालच्या सुरांची वेगळी पेटी) धरून. दुसऱ्यात खालची पोहोच १५ हर्ट्झच्या आसपास धरलेली असते, म्हणजे ६० हर्ट्झवर थांबणाऱ्या स्पीकरला अडीच गुणांहून जास्त बक्षीस. मुलाने स्पीकर निवडला दुसऱ्या रकान्यावरून, आणि सबवूफर घेतला नाही. ही चूक फार सर्रास दिसते आणि तिला नुसत्या घाईचं नाव देणं बरोबर नाही, कारण यादी तशीच लावून दिलेली असते.

गुणापेक्षा दोन रेषा बघाव्यात. पहिली, लवकर परतणाऱ्या आवाजाची, म्हणजे टाइल्स, छत आणि बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्याची. या हॉलमध्ये स्पीकर बाजूच्या भिंतींपासून जेमतेम पावणेदोन फुटांवर आहेत आणि डावीकडे काच आहे, म्हणजे कानावर पडणाऱ्या आवाजात थेट कमी, उसना जास्त. ही रेषा दोन-तीन हजार हर्ट्झला खड्डा घेऊन पुन्हा उसळत असेल तर गायकाचा स टोचणार. मुलाच्या स्पीकरची ही रेषा सुरेख उतरती होती. ट्वीटरभोवती वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारी उथळ वाटी) असल्याचा फायदा. निवड इथे चांगली झाली होती.

दुसरी, उभ्या दिशेची. ही कुणी बघत नाही.

गादी आणि सोफा

वूफर आणि ट्वीटर यांच्या मध्यांत १७ सेंटिमीटर अंतर, क्रॉसओव्हर (वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो तो सूर) २,२०० हर्ट्झ. त्या सुराची तरंगलांबी १५.८ सेंटिमीटर. ऐकणारा ट्वीटरच्या रेषेखाली गेला की दोन्ही युनिटांपासूनची अंतरं सारखी राहत नाहीत आणि नेमक्या क्रॉसओव्हरच्या जागी आवाज एकमेकांना खाऊ लागतो.

फळीवर ट्वीटर १.५५ मीटरवर. सोफ्यावर कान १ मीटरवर, अंतर साधारण ४.३५ मीटर: कोन सात अंश, तोटा डेसिबलच्याही आत. गादीवर कान पाऊण मीटरवर, अंतर २.४ मीटर: कोन १८ अंश, तोटा सहा डेसिबल. सहा डेसिबलचा हा खड्डा शब्दांच्या स्पष्टतेच्या ऐन पट्ट्यात पडतो. आईला आवाज पडद्याआडून येतो म्हटल्यावर कानांची तपासणी सुचवण्याआधी टेप लावून हे मोजलं असतं तर बरं झालं असतं. परीक्षणांतले उभ्या दिशेचे आलेख हेच दाखवत असतात, फक्त ते शेवटी असतात आणि खुर्चीवर बसणारा ऐकणारा गृहीत धरून वाचले जातात. भारतीय बैठकीच्या घरात ते आधी वाचायचे.

स्पीकर खाली, टीव्हीच्या युनिटवर आणावेत हा पहिला विचार. पण फळीचं एक पुण्य आहे, न ठरवता लाभलेलं: वूफरचा मध्य १.३८ मीटरवर येतो, म्हणजे २.८५च्या जवळपास निम्म्यावर. फरशी ते छत या दिशेचा ६१ हर्ट्झचा अनुनाद (मधे अडकून फुगणारा सूर) तिथून जवळजवळ पेटतच नाही. खाली आणलं तर एक घुमणं वाढलं असतं. म्हणून स्पीकर तिथेच ठेवून पुढे झुकवले. २५ सेंटिमीटर खोलीच्या पेटीला १० अंश कलायला मागून ४.४ सेंटिमीटरची पाचर लागते. सुताराकडून सागाच्या दोन पाचरी, वर-खाली रबरी शीट, आणि फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी. सनमायकावर सहा किलोची पेटी कंपनाने सरकते, आणि खाली टीव्ही असतो. कलल्यावर गादीचा कोन ८.४ अंश आणि तोटा एक डेसिबल. खर्च नगण्य, आणि सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा बदल आईच्या दृष्टीने हाच.

(ट्वीटर वूफरच्या मध्यभागी असलेल्या समाक्ष स्पीकरमध्ये हा त्रास मुळातच फार कमी. गादीवरच ऐकणाऱ्याने ते आधी बघावेत.)

डग्गा

खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकतो तेव्हा काही ठरावीक सूर फुगतात. पहिला सूर म्हणजे आवाजाचा वेग भागिले दुप्पट अंतर. आपल्याकडच्या हवेत वेग सेकंदाला ३४७ मीटर धरला तर लांबीचा ३५.४, रुंदीचा ५७, उंचीचा ६१, आणि लांबीचा दुसरा ७०.८ हर्ट्झ. हा दुसरा तीन जागी जोरात असतो: पुढची भिंत, हॉलचा मध्य, मागची भिंत. स्पीकर पुढच्या भिंतीला, गादी मध्यात, सोफा मागच्या भिंतीला. तिन्ही गोष्टी नेमक्या तिन्ही ढिगांवर बसवल्या होत्या.

मोजणी अशी केली. यूमिक-१ मायक्रोफोन, त्याच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल, आणि आरईडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर. मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडला. माणूस जागेवरून उठलेला. पंखे, फ्रिज बंद. स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) १० ते ३०० हर्ट्झ, पातळी ७५ डेसिबलच्या आसपास, आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. मधे शेजारच्या कुकरची शिट्टी आली तर ते माप टाकून द्यायचं. सोफ्यावर आलेख ७१ हर्ट्झला साडेअकरा डेसिबल वर, आणि २८०च्या आसपास खड्डा.

तो खड्डा वेगळ्या कारणाचा आहे. स्पीकरच्या पेटीचा दर्शनी भाग टीव्हीच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे आहे. भिंतीवरून परतलेला आवाज ६० सेंटिमीटर उशिरा येतो, आणि २८९ हर्ट्झला तो बरोबर उलटा पडतो. असा खड्डा इक्वलायझरने भरू नये: जितकं भराल तितकं परतणारंही वाढतं आणि खड्डा तिथेच राहतो. वर अॅम्प्लिफायरची ताकद वाया. ८५ डेसिबल संवेदनशीलतेचे दोन स्पीकर, २.८३ व्होल्टला सोफ्यावर साधारण ८२ डेसिबल. ९७च्या शिखराला १६ व्होल्ट लागतात. ३२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चिप वीसच्या आसपास देते. हातात उरले दोन डेसिबल. त्यात सहा डेसिबल भरायला गेलं की शिखरं छाटली जातात.

उंचवटा मात्र कापता येतो. पण आधी फुकटातलं: सोफा दीड फूट पुढे. डोकं मागच्या भिंतीपासून २५ सेंटिमीटरऐवजी ७०वर आलं की ७१चा ढीग साडेतीन डेसिबलने उतरतो. भिंतीपासून १.२२ मीटरवर, म्हणजे लांबीच्या चतुर्थांशावर, तो जवळजवळ नाहीसा होतो, पण तेवढा सोफा पुढे घेतला तर दिवाळीला पाहुणे बसवायचे कुठे हा प्रश्न रास्त आहे.

मग सबवूफर. घुमणाऱ्या खोलीत सबवूफर आणायचा हे ऐकायला उफराटं वाटतं, पण इथे तोच उतारा होता. ३० किलोची पेटी नको. १० इंची, बंद पेटीचा, २४,०००चा. जागा: बाजूच्या भिंतीला, पुढच्या भिंतीपासून १.२२ मीटर. ७०.८च्या अनुनादाचा तो शून्यबिंदू आहे, तिथून तो सूर पेटवताच येत नाही. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, दोन्ही बाजूंना २४ डेसिबल प्रति सप्तक. त्यामुळे ७१ हर्ट्झला वरच्या स्पीकरांचा वाटा आठ डेसिबलने कमी झाला, आणि उरलेलं काम शून्यबिंदूवर बसलेल्या सबवूफरकडे गेलं. बाजूच्या भिंतीमुळे रुंदीचा ५७ पेटतो खरा, पण सोफा रुंदीच्या मध्यावर आहे आणि तिथे ५७चा स्वतःचा शून्यबिंदू. राहिला ६१: सबवूफर फरशीवर म्हणजे तो जोरात. त्यासाठी एक फिल्टर, ६१ हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू ६ (हा आकडा जितका मोठा तितका फिल्टर अरुंद). आणि ७१ला उरल्यासुरल्याचा उणे ३. बस, दोनच. २५० हर्ट्झच्या वर खोलीतल्या मापावरून काहीही ओढाताण करायची नाही; तिथे मायक्रोफोन जे पाहतो ते कान तसं ऐकत नाही.

सबवूफरची फेज (त्याची लाट स्पीकरच्या लाटेशी किती मागेपुढे आहे ते) जुळवायला ८० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंचा आलेख बघत ०, ९०, १८० फिरवायची. खड्डा सगळ्यांत कमी दिसेल ती ठेवायची. रात्री दहानंतर पातळी सहा डेसिबल खाली. पेटीखालच्या फोमच्या गाद्या स्लॅबमधून जाणारा आवाज थांबवत नाहीत, विकणारा काहीही म्हणो. खालच्या मजल्यावरच्या काकांशी आधीच बोलून ठेवणं जास्त उपयोगी.

घूं आणि मुंग्या

दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किंचित विद्युतप्रवाह बाहेरच्या धातूवर येतो. बोटांना मुंग्या येतात त्या याच. सेटटॉप बॉक्सची केबल कुठेतरी दुसरीकडे अर्थिंगला लागलेली, लॅपटॉपचा चार्जर तिसरीकडे. तिघं एका साखळीत आले की घूं. उपाय: टीव्हीपासून पुढे तांब्याची तार नको, ऑप्टिकल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएमवर (साधा, न गुंडाळलेला डिजिटल आवाज), नाहीतर डॅकला डॉल्बी उलगडत नाही आणि एकतर शांतता, एकतर खरखर.

त्याआधी सॉकेट तपासा. फेज ते अर्थिंग २३०च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. नसेल तर वायरमन बोलवा. घूं जाते म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची पिन कापणारे भेटतात. ते करू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

शेवटी घरात काय राहिलं

स्पीकर तेच. डॅक ११,०००ला आणि अॅम्प्लिफायर १५,०००ला विकले. त्यांच्या जागी एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय तारेतून टीव्हीचा आवाज बाहेर आणणारी सोय), सबवूफर आउट आणि पीईक्यू (ठरावीक सूर कापणारे फिल्टर) असलेला एकच स्ट्रीमिंग अॅम्प्लिफायर, ३६,०००. सिनॅड आधीच्या डॅकपेक्षा बराच कमी. टीव्हीच्या रिमोटने आवाज हलतो. एआरसीची तारही तांब्याचीच, म्हणून घूं परत आली का ते सेटटॉप बॉक्स लावून पहिल्याच दिवशी तपासलं. नव्या खोक्याला दोन पिनांचीच वायर होती आणि लॅपटॉप साखळीतून सुटला होता, त्यामुळे आली नाही. मायक्रोफोन ९,५००, सबवूफर २४,०००, काचेला जाड पडदा आणि गादीपुढे सतरंजीऐवजी जाड गालिचा ६,०००.

१२,०००च्या केबलना गिऱ्हाईक मिळालं नाही. त्यांच्या जागी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन पदरी दीड स्क्वेअर एमएमची लवचिक वायर, साडेपाचशेच्या आत. सहा मीटरच्या एका बाजूला जाऊन-येऊन ०.१६ ओहम होतो. ३.६ ओहमपर्यंत उतरणाऱ्या या स्पीकरला त्याने ०.४ डेसिबलही जात नाही. लांबी याहून जास्त असती तर अडीचची घ्यायची.

एकूण गेले दीड लाख. हीच यादी पहिल्या दिवशी केली असती तर सव्वा लाखाच्या आत, १,२४,०००. फरकाचे २६,००० कुठे गेले ते सरळ आहे: केबल १२,०००, अॅम्प्लिफायरच्या पुनर्विक्रीत ९,०००, डॅकच्या ५,०००. एक लाखातच बसवायचं असतं तर २४,०००चे स्पीकर घेऊन सबवूफर आणि मायक्रोफोन तसेच ठेवायचे, सबवूफर काढून ४८,०००चे स्पीकर ठेवायचे नाहीत.

सोफ्यावरचं शेवटचं माप: ३५ ते २५० हर्ट्झमध्ये, २८०कडे उतरणारा उतार सोडला तर, अधिक-उणे चार डेसिबल. तो खड्डा आहे तिथेच आहे. फळी १५ सेंटिमीटर पुढे घ्यायला सुतार पुढच्या आठवड्यात येतोय.